उपवास सुटला, म्हणून शिंगाडाही सोडायचा का?

आश्विन महिना लागला की बाजारात शिंगाडे येऊ लागतात. हिरवे, तांबूस, दोन्ही बाजूंना शिंगे असलेले. हातगाडीवर सालीसकट उकडलेले काळे शिंगाडेही मिळतात. त्याच दिवसांत किराणा दुकानदार शिंगाड्याच्या पिठाची पाकिटे पुढे मांडतो, कारण नवरात्र आलेले असते.

या शिंगाड्याबाबत आपल्या बौद्ध घरांत दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. एका घरात सासूबाई म्हणतात, "ते उपासाचं आहे, आपण कुठे उपास करतो? आपल्याला काय करायचंय?" दुसऱ्या घरात सुनेच्या मोबाईलवर संदेश आलेला असतो की शिंगाड्याचे पीठ खाल्ले की रक्त वाढते, थायरॉईड बरा होतो, गर्भ टिकतो, साखर आटोक्यात येते. मग महिन्याच्या हिशेबातून पैसे काढून पाकीट आणले जाते.

माझ्या मते दोन्ही घरे चुकत आहेत. शिंगाडा हे चांगले, साधे अन्न आहे. ते ना कोणाच्या व्रताचे आहे, ना औषध आहे. हंगामात स्वस्त असताना ताजा शिंगाडा जरूर खावा. पिठासाठी मात्र पोटाला चिमटा काढून पैसे घालवू नयेत.

उपवासाच्या ताटात तो गेला कसा?

उपवासाला धान्य चालत नाही असा नियम सांगितला जातो. शिंगाडा हे धान्य नाही, पाण्यातल्या वेलीचे फळ आहे. म्हणून तो फराळात बसला. वाळवून दळला की त्याचे पीठ होते, त्याची पुरी, शिरा, थालीपीठ करता येते. म्हणजे धान्य न खाता धान्यासारखे खाण्याची सोय झाली. एवढेच त्याचे "पावित्र्य".

हा नियम किती जुना आणि किती पक्का आहे, हे त्याच ताटातल्या इतर पदार्थांकडे पाहिले की कळते. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते गेल्या काही शतकांत आपल्याकडे आले. आज त्यांच्याशिवाय उपवासाचे ताट भरत नाही. आणि इथल्याच मातीत हजारो वर्षे पिकणारी ज्वारी मात्र उपवासाला चालत नाही. ही रूढी आहे, आरोग्याचा नियम नव्हे.

तथागतांच्या चरित्रात उपासमारीबद्दलचा धडा स्पष्ट आहे. सिद्धार्थांनी सहा वर्षे कठोर तप केले, शरीर हाडांचा सापळा झाले, आणि त्यांना उमगले की शरीर झिजवून ज्ञान मिळत नाही. सुजाताने दिलेले अन्न त्यांनी घेतले आणि पुढे मध्यम मार्ग सांगितला. वर्षावासात आपल्या उपासिका पौर्णिमेला अष्टशील घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत. तो संयमाचा सराव आहे. त्यात अमुक पदार्थ पवित्र आणि तमुक अपवित्र असा भेद नाही.

म्हणून उपवास सोडणे ही विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. पण त्याबरोबर शिंगाडा सोडणे हा विचार नव्हे. एखादे अन्न परंपरा सांगते म्हणून घ्यायचे नाही, तसेच परंपरेने उचलले म्हणून टाकायचेही नाही. ते शरीराला काय देते आणि खिशाला काय पडते, एवढे पाहायचे.

तळ्यात कमरेपर्यंत कोण उभे असते?

शिंगाड्याची वेल साचलेल्या पाण्यात वाढते. पावसाळ्यात तळ्यात रोपे लावतात, पाने पाण्यावर पसरतात आणि पावसाळा सरता सरता पानांखाली फळे धरतात. विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या जुन्या मालगुजारी तलावांत हे पीक घेतले जाते. पलीकडे मध्य प्रदेशात जबलपूर, कटनीच्या बाजूला ते मोठ्या प्रमाणावर होते.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या धीवर, भोई, कहार अशा पाण्यावर जगणाऱ्या समाजांनी केले आहे. तोडणीच्या दिवसांत माणसे तासन्‌तास कमरेइतक्या चिखलपाण्यात उभी राहतात किंवा लहान डोंग्यातून वेली उचलून फळे तोडतात. शिंगाड्याच्या काट्यांनी बोटे सोलवटतात, पायाला चिखल्या होतात, पाण्यात जळवा असतात. मग ते फळ उकडायचे, वाळवायचे, कठीण साल फोडून गर काढायचा. हे सोलण्याचे काम बहुधा बायकांच्या हातून होते.

ज्यांच्या हातचे पाणी घ्यायचे की नाही याचे हिशेब गावाने कधीकाळी ठेवले, त्यांच्याच हातचे हे फळ पाकिटात बंद झाले की देवघरापर्यंत पोचते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान लागली म्हणून नव्हे, तर तळे सगळ्यांचे आहे हे सांगण्यासाठी. तळे सगळ्यांचे, तर तळ्यातले फळही सगळ्यांचे. त्यावर व्रताचा शिक्का मारून कोणी ते आपल्याकडे ठेवू शकत नाही आणि आपणही तो शिक्का खरा मानू नये.

परदेशातला भाऊबंद, फक्त नावाचा

पिठाच्या काही पाकिटांवर इंग्रजी नाव "वॉटर चेस्टनट" असे छापलेले असते. त्यामुळे अनेकांचा समज होतो की चेस्टनट म्हणजेच शिंगाडा. तसे नाही. चेस्टनट हे डोंगरात वाढणाऱ्या मोठ्या झाडाचे फळ, काटेरी बोंडात येणारे. शिंगाडा पाण्यातल्या वेलीचा. दोघांचे कूळ वेगळे. सारखेपणा एवढाच की दोन्हींत इतर सुक्यामेव्यासारखे तेल नसते, पिष्टमय गर असतो, आणि दोन्ही वाळवून दळता येतात.

पण त्या चेस्टनटची कहाणी आपण ऐकण्यासारखी आहे. इटलीच्या डोंगरांत, फ्रान्सच्या सेवेन भागात आणि कॉर्सिका बेटावर गव्हाला जमीन नव्हती. तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे चेस्टनटवर पोट भरले. कॉर्सिकावर जिनोआचे राज्य होते तेव्हा, १५८४ मध्ये, शेतकऱ्यांनी दरवर्षी चार झाडे लावावीत असा हुकूम निघाला, आणि त्यांत एक चेस्टनटचे होते. फळे दगडी खोपटात माळ्यावर पसरायची, खाली मंद धूर-आगीवर कित्येक आठवडे वाळवायची, साले काढून दळायची. त्या पिठाची घट्ट लापशी, पोळ्या, आणि साखर न घालता केलेली वडी हे तिथले रोजचे खाणे होते. सेवेनमध्ये त्या झाडाला लोक "भाकरीचे झाड" म्हणत.

पुढे गहू स्वस्त झाला, माणसे डोंगर सोडून शहरात गेली, आणि चेस्टनटचे पीठ म्हणजे दारिद्र्याची खूण ठरली. ते खाणाऱ्यांनाच त्याची लाज वाटू लागली. आज तेच पीठ मोठ्या शहरांच्या दुकानांत गव्हाच्या पिठाच्या कितीतरी पट भावाने विकले जाते.

ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते ना? ज्वारीची, बाजरीची, नाचणीची भाकरी खाणाऱ्याला कालपरवापर्यंत अडाणी, गावंढळ म्हणत. पोळी खाणारे घर वरचे मानले जाई. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि त्याच धान्याची बिस्किटे चकचकीत पुड्यांत आली. गरिबाचे अन्न आधी हिणवायचे, त्याच्या ताटातून उठवायचे, आणि मग त्यालाच महाग विकायचे. शिंगाड्याच्या पिठाचे आज तेच चालले आहे. म्हणून खरेदी करण्याआधी त्यात खरोखर काय आहे ते पाहू.

शिंगाड्यात काय आहे, काय नाही

ताज्या शिंगाड्याच्या गरात सुमारे ७० टक्के पाणी असते. उरलेल्यात मुख्यतः पिष्टमय पदार्थ, थोडी प्रथिने, पोटॅशियम, थोडा चोथा. चरबी जवळजवळ नाही. म्हणजे पोट भरते, ताकद मिळते, आणि तळलेल्या वडापाव-भज्यांपेक्षा मुलांच्या हाती उकडलेला शिंगाडा केव्हाही बरा.

वाळवून पीठ केले की पाणी जाते आणि पिष्ट एकवटते. पिठात गव्हातला ग्लूटेन नावाचा चिकट घटक नसतो. ज्यांना गहू पचत नाही, ज्यांना डॉक्टरांनी तपासणी करून सीलिॲक आजार सांगितला आहे, त्यांना हे पीठ चालते. पण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांतही ग्लूटेन नसतो, आणि ती धान्ये शिंगाड्याच्या पिठापेक्षा खूप स्वस्त आहेत. कॅल्शियम हवे असेल तर नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मिळते, शिंगाडा तिच्या जवळपासही येत नाही. प्रथिने हवी असतील तर हरभरा, मूग, मसूर, अंडे, सुकट आहे.

आता त्या मोबाईलवरच्या दाव्यांकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे.

"शिंगाड्याने रक्त वाढते." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा आजार आपल्या वस्त्यांमध्ये घरोघर आहे. त्यावर शिंगाड्याचा शिरा हा उपाय नाही. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या मोफत मिळतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, आणि चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज एक घ्यायची असते. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून अनेक जणी ती कपाटात ठेवून देतात आणि "घरगुती" काहीतरी शोधतात. असे करू नका. गोळी रात्री जेवणानंतर घ्या, सोबत लिंबू पिळा, लगेच चहा पिऊ नका. त्रास फार होत असेल तर आशाताईला किंवा नर्सताईला सांगा, पण गोळी बंद करू नका.

"शिंगाड्याने गर्भ टिकतो." पोटात दुखत असेल, अंगावरून लाल जात असेल, तर बाईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. अशा वेळी कोणी शिंगाड्याची खीर करून देत बसले तर जिवावर बेतू शकते.

"थायरॉईड बरा होतो." ज्यांना थायरॉईडची गोळी चालू आहे त्यांनी ती शिंगाड्याच्या भरवशावर कमी करू नये. आयोडीनसाठी घरात आयोडीनयुक्त मीठ असले की पुरे.

"साखरेच्या आजारात चालते, कारण ते उपवासाचे हलके अन्न आहे." उपवासाचे म्हणून हलके, हा आणखी एक गैरसमज. शिंगाड्याचे पीठ हे पिष्टच आहे. त्याचा तूप-साखर घातलेला शिरा खाल्ला तर साखर वाढणारच. मधुमेह असलेल्यांनी चार-सहा उकडलेले शिंगाडे खावेत, पण तेवढी भाकरी किंवा भात त्या वेळी कमी करावा.

पीठ घ्यायचेच असेल तर

सणासुदीच्या तोंडावर भाव चढतो, म्हणून तेव्हा घेऊ नका. सुटे, उघड्या पोत्यातले पीठ टाळा. शिंगाड्याचे पीठ महाग असल्यामुळे त्यात स्वस्त पीठ मिसळण्याचा मोह विकणाऱ्याला होतो. पाकिटावर दळल्याची तारीख, मुदत आणि अन्न परवान्याचा क्रमांक आहे का पाहा. गेल्या वर्षीचे उरलेले पीठ खवट, कुबट वासाचे किंवा कडसर लागते, त्यात जाळी-अळी होते. असे पीठ चाळून वापरू नका, टाकून द्या. उपवासाच्या दिवसांत भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या राज्यात वारंवार येतात. जुना, दमट जागी साठवलेला माल हे त्यामागचे एक मोठे कारण असते, आणि ती काळजी या पिठालाही लागू आहे.

गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक असलेल्या मुलासाठी पीठ हवे असेल तर वाळलेले शिंगाडे आणून घरी मिक्सरमध्ये दळा. गिरणीत आधी गहू दळलेला असतो, त्याचे पीठ जात्यात राहते आणि तेवढेही अशा मुलाला त्रास देऊ शकते.

चुलीवर काय करायचे

हंगामात ताजे शिंगाडे किलोभर आणले तर चार-पाच जणांचा संध्याकाळचा खाऊ होतो. कडक, जड, डाग नसलेले निवडा. भरपूर पाण्यात दोनतीनदा चोळून धुवा, चिमूटभर मीठ घालून कुकरला दोन-तीन शिट्ट्या द्या. सोलून वर तिखट-मीठ, लिंबू. सोबत मूठभर फुटाणे किंवा उकडलेले हरभरे दिले की मुलांना प्रथिनेही मिळतात.

सोललेल्या शिंगाड्याची भाजी बटाट्यासारखी होते. कांदा, लसूण, आपला घरचा मसाला, आणि भिजवलेला हरभरा किंवा वाटाणा. सुकटीच्या कालवणातही शिंगाड्याच्या फोडी छान लागतात. उपवासाचा पदार्थ आणि कांदा-लसूण, सुकट? होय. फळाला त्याचे काही वाटत नाही.

पीठ असेल तर त्याची एकट्याची पोळी लाटली जात नाही, चिरते. एक वाटी पिठाला एक वाटी बेसन आणि एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला, कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालून मळा, आणि ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाका. शिंगाड्यात जे कमी आहे ते बेसन भरून काढते. दोन चमचे पीठ थोड्या तेलावर भाजून पाण्यात किंवा दुधात शिजवले की आजाऱ्यासाठी पेज होते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला मात्र नुसती ही पेज देऊ नका. त्यात मऊ शिजवलेली मुगाची डाळ घाला आणि आईचे दूध चालू ठेवा.

कच्चा शिंगाडा दाताने सोलू नका

ही एक गोष्ट घरातल्या मुलांना नक्की सांगा. शिंगाडा साचलेल्या पाण्यात वाढतो. त्या पाण्यात माणसांची किंवा डुकरांची विष्ठा जात असेल तर आतड्यात राहणाऱ्या एका मोठ्या चपट्या कृमीची सूक्ष्म पिल्ले शिंगाड्याच्या सालीला चिकटून बसतात. साल दाताने फोडली की ती थेट पोटात जातात. बिहार आणि उत्तर प्रदेशात हा आजार आढळलेला आहे. पोटदुखी, जुलाब, भूक मंदावणे, अंगावर सूज अशी लक्षणे दिसतात. उपाय सोपा आहे. शिंगाडा उकळत्या पाण्यात शिजवला की कृमी मरतो. कच्चा खायचाच तर नीट धुवून, सुरीने सोलून, गर पुन्हा धुवून खावा. वस्तीजवळच्या नाल्यातला किंवा गटाराचे पाणी मिळणाऱ्या डबक्यातला शिंगाडा मात्र घेऊच नये.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, आणि त्याच दिवसांत ताजा शिंगाडा बाजारात येतो. बहुतेक विहारांत त्या दिवशी खीर होते, भोजनदान होते. महिला मंडळांनी यंदा खिरीसोबत एक पातेले उकडलेल्या शिंगाड्यांचे आणि एक उकडलेल्या हरभऱ्यांचे ठेवावे. मुले आवडीने खातील. त्याच निमित्ताने आशाताईला बोलवा आणि मंडळातल्या किती जणींनी लोहाच्या गोळ्या पूर्ण घेतल्या, किती जणींचे हिमोग्लोबिन तपासलेले नाही, याची यादी करा. शिंगाडा त्या दिवशी पोटभर खा, आणि ज्यांची नावे यादीत येतील त्यांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन जा.

जय भीम.